‘एक्स माकिना’ आधी वाचावी की ‘स्क्वॉड्रन सुप्रीम’?

सुपरहीरोच्या हाती सरकार आलं तर पुढे काय, हा प्रश्न मनापासून धसास लावणाऱ्या या दोन इंग्रजी कॉमिक मालिका. एकीत नायक मतं मागून सत्तेवर येतो, दुसरीत नायकांची टोळी देशाचा कारभार स्वतःच हाती घेते. दोन्ही एकदम विकत घेणं महागात पडतं, त्यामुळे आधी कोणती हे ठरवावंच लागतं. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: राजकारणात रस असेल तर ‘एक्स माकिना’, सत्तेच्या नीतीअनीतीचा प्रश्न छळत असेल तर ‘स्क्वॉड्रन सुप्रीम’.

‘एक्स माकिना’ २००४ ते २०१० या काळात डीसी या अमेरिकी कॉमिक कंपनीच्या वाइल्डस्टॉर्म या शाखेने काढली. लेखक ब्रायन के. व्हॉन, चित्रकार टोनी हॅरिस. मिचेल हंड्रेड हा सिव्हिल इंजिनिअर. ब्रुकलिन पुलाजवळच्या एका अपघातानंतर यंत्रं त्याचं ऐकू लागतात. पाठीवर जेटपॅक बांधून तो काही काळ ‘ग्रेट मशीन’ या नावाने उडतो, पण त्यातून लोकांचं फारसं भलं होत नाही हे त्याला कळतं. मग तो मुखवटा उतरवतो आणि न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी अपक्ष उभा राहतो. ११ सप्टेंबर २००१ ला, शहरात पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीचं मतदान असतानाच, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जुळ्या मनोऱ्यांवर हल्ला होतो. (मतदान खरोखरच त्या दिवशी होतं.) दुसरा मनोरा हंड्रेड वाचवतो. पहिल्या अंकाच्या शेवटच्या पानावर तो एकटा उभा असलेला मनोरा दिसतो, आणि ते पान उलटून पुढे जायला मला बराच वेळ लागला.

आपल्या वाचकाने एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. महाराष्ट्रात महापौर हा मुख्यतः सभागृहाचा अध्यक्ष, खरा कारभार आयुक्तांच्या हाती. न्यूयॉर्कचा महापौर पोलीस आयुक्त नेमतो, अंदाजपत्रक मांडतो; शहर खरोखर तोच चालवतो. म्हणून हंड्रेडपुढची संकटं बर्फ हटवणाऱ्या गाड्यांपासून सुरू होतात. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संग्रहालयात लिंकनचं एक अपमानकारक चित्र लागतं, ते उतरवायचं का? समलिंगी विवाह, इराक युद्धाविरुद्धचा मोर्चा, २००३ मध्ये वीज गेली तो अंधार, सगळं त्याच्या टेबलावर येतं. यंत्रांना आज्ञा देणारा हा माणूस माणसांना आज्ञा देऊ शकत नाही, त्यांची मनधरणी करत बसतो. महापालिकेचं राजकारण जवळून पाहिलेल्या कुणालाही ही पानं ओळखीची वाटतील.

‘स्क्वॉड्रन सुप्रीम’ डीसीची स्पर्धक कंपनी मार्व्हलची, १९८५-८६ ची, फक्त बारा अंकांची. लेखक मार्क ग्रुएनवाल्ड. हायपेरियन सुपरमॅनसारखा, नाइटहॉक बॅटमॅनसारखा. डीसीच्या सुपरहीरोंचा संघ असलेल्या जस्टिस लीगची ही उघड प्रतिकृती आहे. देश कोसळलेला असतो आणि ही मंडळी ठरवतात की वर्षभरात भूक, युद्ध, गुन्हे संपवायचे. आधी राष्ट्राध्यक्ष राहिलेला नाइटहॉक विरोध करून बाहेर पडतो. बाकीचे लोकांच्या बंदुका काढून घेतात, गुन्हेगारांची मनं बदलणारं यंत्र बनवतात. मग संघातलाच एकजण ते यंत्र नकार देणाऱ्या प्रेयसीवर वापरतो. चांगल्या हेतूने बांधलेली गोष्ट कुठे घसरते हे इतक्या थोडक्यात दाखवणारा प्रसंग मला दुसऱ्या कुठल्या सुपरहीरो कॉमिकमध्ये सापडला नाही.

अडचणी दोन्हीकडे आहेत. ‘स्क्वॉड्रन’ जुन्या वळणाची: चौकटी मजकुराने भरलेल्या, पात्रं मनातलं सगळं बोलून दाखवतात, चित्रकार मधेच बदलतात. ‘एक्स माकिना’चा हॅरिस मात्र खऱ्या माणसांचे फोटो काढून त्यावरून चित्रं काढतो, त्यामुळे सभेतली, कार्यालयातली माणसं जिवंत वाटतात. मारामारीत तीच पद्धत कधीकधी ताठर दिसते. शिवाय ‘एक्स माकिना’त शिवीगाळ आणि रक्तपात भरपूर आहे. शाळकरी मुलांसाठी ती घेऊ नका. पन्नास अंक आणि वर चार विशेषांक असल्याने खर्चही जास्त.

तेव्हा ‘एक्स माकिना’चा पहिला खंड, म्हणजे पाच अंक, आधी घ्या. संग्रहालयाच्या वादात मन रमलं तर पुढचे नऊ खंड घ्यायला हरकत नाही. रमलं नाही तर तिथेच थांबा आणि ‘स्क्वॉड्रन’ एका खंडात मिळते ती आणा. ग्रुएनवाल्ड १९९६ मध्ये गेले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा १९९७ च्या संग्रहाच्या पहिल्या आवृत्तीच्या शाईत मिसळली होती. तुमच्या हाती येईल ती बहुधा नंतरची आवृत्ती असेल, पण वाचताना मला ती शाई आठवत राहते.