८×४२ दुर्बीण: एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत

दुर्बीण घ्यायला गेलं की दुकानदार १०×४२ गळ्यात मारायला बघतो. "जास्त जवळ दिसतं, साहेब." (पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये.) मी तरीही ८×४२ घेतली. गेल्या पावसाळ्यापासून भीमाशंकर, माथेरान, हरिश्चंद्रगड आणि सुट्टीच्या सकाळी बोरिवलीचं नॅशनल पार्क, असं सगळीकडे ती सोबत आहे. सह्याद्रीच्या रानाला ८ च बरी, हे माझं मत आता पक्कं झालंय.

खांडसहून शिडी घाट चढून वर पोचलं की छाती धपापत असते आणि हात थरथरतात. १० पटीत ती थरथरही तेवढीच मोठी दिसते. शिवाय भीमाशंकरचं रान गच्च आहे. अंजन, जांभूळ, हिरडा यांच्या पानांआड हललेलं काहीतरी शोधायचं तर नजरेच्या टप्प्यात जास्त जागा मावायला हवी. उजेडाचंही गणित सोपं आहे: डोळ्यापर्यंत येणारा उजेडाचा झोत किती रुंद, ते भागाकारातून कळतं. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच मिलिमीटर, १० ने भागलं तर ४.२. ढगाळ सकाळी हा फरक डोळ्याला लगेच कळतो.

शेकरू नीट दिसला तो याच दुर्बिणीतून. मागच्या पायांनी फांदीला उलटा लटकलेला, झुपकेदार शेपूट तोल सांभाळायला पलीकडे सोडलेलं, आणि पुढच्या दोन पंजांत धरलेलं फळ गोल फिरवत कुरतडणं चाललेलं. नुसत्या डोळ्यांना तो फक्त एक तांबूस ठिपका होता. (अभयारण्य १९८५ पासून आहे ते याच्याचसाठी, मंदिराकडे जाणाऱ्या गर्दीतले फार थोडे जण मान वर करतात.)

कोकणकड्यावर मात्र ८ अपुरी पडते. दरीवर घिरट्या घालणारी घार आहे की सर्पगरुड, इतपत कळतं. पंखांखालचे पट्टे बारकाईने बघायचे तर १० हवी.

तक्रारी दोन. उजवा आयकप (डोळ्याला टेकणारी रबरी कड) दिवाळीतच ढिला झाला आणि कंपनीकडून उत्तर यायला महिना गेला. शेवटी रबराची रिंग बसवून काम भागवलं. सोबत आलेला पट्टा तर मानेचा शत्रू आहे. पाऊण किलोच्या आसपास वजन दिवसभर गळ्यात नको, खांद्यांवरचा हार्नेस वेगळा घ्या.

मुंबईत खरी भीती बुरशीची. आत नायट्रोजन भरलेली असली तर आतून धुकं धरत नाही, पण बाहेरच्या काचेवर दमटपणा बसतोच. एसी गाडीतून उतरून लगेच डोळ्याला लावाल तर सगळं पांढरं दिसेल; दहा मिनिटं थांबा. घरी आल्यावर चामडी पिशवीत घालून कपाटात ठेवू नका. पुसून, वाळवून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

चष्मा असेल तर आयकप खाली दुमडून, चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो का ते दुकानातच बघा. मुलांसाठी घेत असाल तर ८×३२ बघा, वजनाला बरीच हलकी पडते.