रेल्वेची क्लिप की ट्रकचा पाटा? सुरी घडवायला कोणतं पोलाद घ्यावं

भट्टी लागली आहे, ऐरणीची सोय झाली आहे, हातही थोडाफार बसला आहे आणि आता भंगारातलं कोणतं पोलाद घ्यावं यावर गाडं अडलं आहे, अशांसाठी हे लिहितोय. ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्याच्या मनात आधी रेल्वेच येते. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्यालाच आली, आणि आमच्यापैकी निम्म्यांचं आयुष्य लोकलमध्ये जातं. त्या पोलादाची सुरी आपल्या हाताने घडवावी, ही ओढ मला पूर्ण कळते. त्यापुढे ट्रकचा पाटा, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगची चपटी पट्टी, अगदीच साधा वाटतो. मी दोन्हींच्या सुऱ्या घडवल्या आहेत आणि दोन्ही आमच्या घरी रोज वापरात आहेत.

आधी रेल्वेच्या मालातली निवड उरकून घेऊ. अमेरिकन व्हिडिओंमध्ये चौकोनी खिळ्याला पीळ देऊन सुरी करतात. दिसते छान, पण त्या खिळ्यात कार्बन फार कमी. ज्यांच्या डोक्यावर ‘एचसी’, म्हणजे हाय कार्बन, असा शिक्का असतो, त्यांतही तो फार तर ०.३ टक्क्यांच्या घरात. धार येते, टिकत नाही. शोभेची वस्तू म्हणून ठीक. खुद्द रूळ मात्र सुरीला उत्तम, कार्बन ०.६ ते ०.८ टक्के. पण मीटरला ६० किलो भरणाऱ्या रुळाचं नुसतं पोट, म्हणजे मधला उभा भाग, साडेसोळा मिलिमीटर जाड असतं. हातातल्या घणाने ते चार मिलिमीटरवर आणायला बसलात तर खांदा जाईल. पॉवर हॅमर नसेल तर रुळाचा तुकडा ऐरण म्हणून वापरावा, त्या कामाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. उरते ती क्लिप. सिमेंटच्या स्लीपरवर रूळ दाबून धरणारी, अंगठ्याएवढ्या जाड सळईची, वळणावळणाची. वजन किलोला जरा कमी. सरळ केली की वीतभराहून बरीच लांब सळई मिळते, एका सुरीला पुरून उरते.

आता क्लिप आणि पाटा समोरासमोर ठेवले तर पोलाद जवळपास सारखंच निघतं. क्लिप सिलिकॉन-मँगनीज स्प्रिंग स्टीलची. पुष्कळसे पाटेही त्याच घराण्यातले, काही क्रोमियमवाले. कार्बन दोन्हींत साधारण अर्धा टक्का किंवा थोडा वर. त्यामुळे पाणी देण्याची रीतही तीच: चुंबक चिकटायचं बंद झालं की आणखी एक छटा वर न्यायचं, कोमट तेलात बुडवायचं आणि मग ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासाभराचे दोन फेरे. खोडही दोघांची सारखीच. सिलिकॉनमुळे भट्टीत वरच्या कातडीतला कार्बन लवकर उडतो. तेलातून काढून कानस लावली की ती चावते आणि वाटतं, पाणी बसलंच नाही. थोडं घासून खाली गेलं की तीच कानस काचेवरून सरकावी तशी घसरायला लागते. तेव्हा पातं घडवतानाच जरा जाड ठेवा.

स्वयंपाकघरात फरक शोधायला गेलो तर हाती फारसं काही लागत नाही. कांदा असो की बोंबील, दोन्ही सुऱ्या नीट चालतात, आणि ओल्या ठेवल्या तर दोन्ही गंजतात. क्लिपची सुरी धार किंचित जास्त धरते असं मला वाटतं, पण तिचं पातं मी जरा बारीक काढलं होतं, त्यामुळेही असेल.

घडवण्याचा आनंद म्हणाल तर क्लिप पुढे आहे, हे मान्य करायलाच हवं. आधी तिची वळणं उलगडायची, मग गोलाचं चपटं करायचं. गोल सळई सांडशीत फिरते, प्रत्येक घावाला मनगट तिला धरून ठेवायला झगडतं. पण नारिंगी सळई हळूहळू पसरत पात्याचा आकार घेते, ते बघण्यासारखं असतं. मूठही त्याच सळईतून काढता येते. पाट्यात हे सुख थोडं कमी. तो मुळातच चपटा, त्याची कमान एक-दोन तापात बसते, आणि अर्धं काम ग्राइंडरच करतो. अर्थात ज्याला लोहारकामापेक्षा सुरी हवी आहे, त्याला हेच बरं वाटेल.

पाट्याचा दोष मोठा आहे, आणि तो लपलेला असतो. वर्षानुवर्षं ओझ्याखाली वाकलेल्या पाट्यात केसाएवढे तडे असू शकतात. ते घडवताना दिसत नाहीत. तेलात बुडवल्यावर बारीक ‘टिंग’ आवाज येतो आणि सगळी मेहनत वाया जाते. यावर जुना उपाय आहे. घासून स्वच्छ केलेला तुकडा रॉकेलमध्ये भिजत ठेवायचा, कोरडा पुसायचा आणि वर खडू फासायचा. तडा असेल तिथे खडूवर ओली काळपट रेघ उमटते. त्याहून सोपं म्हणजे न वापरलेला पाटा घेणं. कळंबोलीला लोखंड बाजार आणि ट्रक टर्मिनलच्या आसपास पाटे बसवणारे आहेत, त्यांच्याकडे नव्या पाट्यांचे कापलेले तुकडे मिळू शकतात.

इथपर्यंत कुणी क्लिप घेतली तरी मी अडवणार नाही. माझा कौल फिरला तो कागदावरून. रेल्वे आपलं भंगार ई-लिलावात विकते, पण मोठ्या लॉटने. तुम्हा-आम्हाला दोन क्लिप तिथे मिळत नाहीत. म्हणजे मधला माणूस आला. मी एका भंगारवाल्याकडे क्लिप बघितल्या, भावही ठरला, आणि पावती मागितली तशी त्याने हातातली क्लिप परत ढिगात टाकली. ‘एवढ्याशा मालाला पावती कसली, शेठ?’ दुसरीकडे पावती द्यायला तयार होते, पण तिच्यावर लिहिणार नुसतं ‘लोखंडी भंगार’. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) अधिनियम, १९६६ नुसार चोरीचा संशय येण्याजोगी रेल्वेची वस्तू कुणाकडे सापडली, तर ती रीतसर आली हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. नाही जमलं तर पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, बिनकागदाची क्लिप कुठल्या रुळावरून निघाली असेल हा प्रश्न उरतोच. त्याच रुळांवरून आपली माणसं रोज कामाला जातात. माझ्या सुरीची क्लिप लिलावात लॉट घेणाऱ्याकडून, त्याच्या डिलिव्हरी ऑर्डरच्या प्रतीसह मिळाली. ती प्रत मिळवायला जे फोन आणि हेलपाटे झाले, त्यात पाट्याच्या कितीतरी सुऱ्या घडवून झाल्या असत्या. शिवाय ती सुरी कुणाला भेट द्यायची म्हटली तरी तो कागद आठवतो. पाटेवाल्याकडे हा विषयच निघत नाही. पैसे दिले, बिल घेतलं, तुकडा पिशवीत टाकला.

आपल्याकडे लोहाराकडून कोयता घेताना ‘पाट्याचा आहे ना?’ असं विचारतात, ते उगाच नाही. ज्याच्याकडे कागदासकट क्लिप येते, त्याने ती जरूर घडवावी, मजा येईल. बाकीच्यांनी, माझं ऐकाल तर, पाटाच घ्यावा. पहिल्या सुरीसाठी मोठ्या ट्रकचा जाड पाटा नको. छोट्या टेम्पोचा, सहा-सात मिलिमीटरचा, न वापरलेला तुकडा मागा. रुंदी पुरेशी असेल तर उभा चिरून त्याच तुकड्यात दोन सुऱ्या बसतात.