एक फर्मा कमी असलेले चरित्र

नाशिकच्या मेन रोडमागच्या एका गल्लीत जुनी पुस्तके विकणारे आणि पुस्तकबांधणी करून देणारे एक अरुंद दुकान आहे. तेथून गेल्या पावसाळ्यात १२० रुपयांना घेतलेल्या एका इंग्रजी चरित्राविषयी आणि ओघाने त्या दुकानाविषयीही हे लिहीत आहे. पुस्तकाचे मुखपृष्ठ व शीर्षकपान दोन्ही गेलेली असल्याने लेखक कोण हे सांगता येणार नाही. दुकानदाराने ते शिकारकथांच्या फळीवर ठेवले होते, आणि बंदूक घेतलेल्या दाढीवाल्या माणसाचे आतले छायाचित्र पाहता त्याला फार दोषही देता येत नाही.

तो माणूस म्हणजे मॅसिडोनियासाठी लढलेला ग्रीक सैन्याधिकारी पाव्हलोस मेलास. १८७० मध्ये मार्सेय येथे एका सधन ग्रीक व्यापारी घराण्यात त्याचा जन्म झाला; पुढे कुटुंब अथेन्सला आले आणि वडील त्या शहराचे महापौर झाले. १८९१ मध्ये तो तोफखान्याचा अधिकारी झाला व पुढच्याच वर्षी स्टेफानोस ड्रागूमिस या राजकारण्याच्या नतालिया या मुलीशी त्याचा विवाह झाला. १८९७ च्या युद्धात ग्रीसने तुर्कांकडून सपाटून मार खाल्ला. चरित्रकाराच्या मते मेलासच्या पुढच्या साऱ्या वागण्याचे मूळ या नामुष्कीत आहे, आणि ते पटते.

पुस्तकातला सर्वांत सकस भाग मॅसिडोनियाच्या परिस्थितीचा आहे. प्रदेश ऑटोमन सुलतानाचा, पण त्यावर डोळा ग्रीक, बल्गेरियन आणि सर्ब अशा सर्वांचा. १८७० मध्ये सुलतानाने बल्गेरियनांच्या स्वतंत्र धर्मपीठाला मान्यता दिल्यापासून गावातले चर्च कोणत्या पीठाला मानते, यावरून ते गाव ग्रीक की बल्गेरियन हे ठरू लागले. त्यामुळे सशस्त्र टोळ्यांचा पहिला रोख तुर्की शिपायांपेक्षा गावच्या पुजाऱ्यावर आणि शाळामास्तरावर असे. १८९३ मध्ये सालोनिका (आजचे थेसालोनिकी) येथे स्थापन झालेल्या बल्गेरियन क्रांतिकारी संघटनेने १९०३ च्या ऑगस्टमध्ये उठाव केला, तो तुर्कांनी चिरडला, आणि या चढाओढीत ग्रीक मागे पडत आहेत या धास्तीने अथेन्समधून अधिकारी गुपचूप सीमेपार जाऊ लागले. १९०४ च्या आरंभी गेलेल्या चौघांत मेलास होता. जुलैमध्ये तो गुरांच्या व्यापाऱ्याच्या वेषात पुन्हा गेला आणि ऑगस्टअखेर सुमारे ३५ माणसांचा नायक म्हणून तिसऱ्यांदा. ‘मिकिस झेझास’ हे टोपणनाव त्याने आपल्या मिकिस आणि झोई या दोन मुलांच्या नावांवरून घेतले होते. गुप्त कामासाठी नाव घ्यायचे आणि तेही पोरांचे, यात त्याचा सगळा स्वभाव आला.

येथे माझी तक्रार चरित्रकाराविषयी आहे. गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला एक गोष्ट चटकन खटकते: हा नायक त्या मुलखातला नाही, आणि ज्या गावांसाठी तो लढतो त्यांतल्या अनेकांची घरची बोली स्लाव्ह आहे. खरा त्या डोंगरातला माणूस कोत्तास. तोही स्लाव्ह बोलीचा, आधी बल्गेरियन संघटनेबरोबर असलेला, नंतर मॅसिडोनियातल्याच कास्तोरिया शहराच्या गेर्मानोस काराव्हांगेलिस या बिशपने ग्रीक बाजूला ओढलेला आणि १९०५ मध्ये मोनास्तीर येथे फाशी गेलेला. त्याला पुस्तकात जेमतेम दोन परिच्छेद मिळतात. ग्रीक टोळ्यांनी गावकऱ्यांवर केलेल्या बळजबरीवरून लेखक पाय न वाजवता निघून जातो. शिवाय एकही नीट नकाशा नाही. मोनास्तीर म्हणजे आजचे बितोला हे मला मोबाइलवर शोधावे लागले. तारखा जुन्या (ज्युलियन) पंचांगाच्या की नव्या (ग्रेगोरियन), याचाही खुलासा नाही, आणि दोहोंत तेव्हा तेरा दिवसांचा फरक होता.

आता दुकानाकडे. घेताना मी विचारले होते, त्यावर “पानं पूर्ण आहेत, सर” असे ठाम उत्तर मिळाले. घरी वाचताना पृष्ठ २०८ वर मेलास पावसात भिजून स्तातिस्ता गावातल्या एका घरात मुक्कामाला शिरतो, आणि पुढचे पृष्ठ २२५ उघडते ते थेट एका चर्चमध्ये त्याचे शिर पुरत असलेल्या माणसांवर. मधला फर्मा, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेला सोळा पृष्ठांचा जुडगा, गहाळ. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊन गेलो तेव्हा दुकानदाराने ते उलटे धरून शिलाई पाहिली, सुटलेला दोरा बोटाने ओढून दाखवला आणि म्हणाला, “हा फर्मा इथं पडलेला नाही, आधीच गेलाय. सर, पैसे परत घ्या, नाहीतर जुजबंदी, म्हणजे फर्मे पुन्हा शिवून बांधणी, करून आठ कोरी पानं घालून देतो, मजुरी नको.” न मोजता ग्वाही दिली याचा राग होता, तरी मी दुसरा पर्याय स्वीकारला. चार दिवसांनी हाती आलेले काम चोख होते: कापडी पाठ, खळीत मोरचूद घातल्यामुळे कसर लागण्याचे भय कमी, आणि पुस्तक पूर्ण सपाट उघडते. मात्र या दुकानातून काही घेताना पृष्ठांक स्वतः तपासावेत.

योगायोग असा की ज्या १९०४ मध्ये मेलास पडला, त्याच वर्षी येथे नाशकात मित्रमेळ्याचे अभिनव भारत झाले.

कोऱ्या पानांपैकी तीन पृष्ठे मी अन्यत्र वाचून भरली आहेत: जुन्या पंचांगाप्रमाणे १३ ऑक्टोबर, तुर्की सैन्याचा वेढा, गोळी आणि त्या घरातच मृत्यू, ओळख पटू नये म्हणून साथीदाराने कापून नेलेले शिर पिसोदेरीच्या चर्चमध्ये, धड कास्तोरियात. स्तातिस्ता गावाचे नाव आता मेलास आहे. मेलासच्या मुक्कामाची खबर तुर्कांना कोणी दिली याची वर्णने एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून उरलेली तेरा पृष्ठे अजून कोरी ठेवली आहेत.