शार्त्रचे कॅथेड्रल : शुक्रवार साधावा, दुर्बीण न्यावी

बेळगाव, खानापूर, निपाणीहून युरोप सहलीला जाणाऱ्यांच्या कार्यक्रमात फ्रान्समधल्या शार्त्र गावाचे आणि तिथल्या कॅथेड्रलचे, म्हणजे मोठ्या चर्चचे, नाव सहसा नसते. असलेच तर बस तासाभरासाठी थांबते आणि बाहेरची शिल्पे धड पाहून होण्याआधी परत बोलावणे येते. आमच्या सहल कंपनीने तेच केले. त्यामुळे पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून रेल्वेने स्वतंत्र जाणे चांगले. प्रवास साधारण तासाभराचा आहे आणि मुख्य वास्तूत प्रवेशाला तिकीट नाही.

१० जून ११९४ च्या रात्री लागलेल्या आगीत जुने कॅथेड्रल जळाले. वास्तूपैकी पश्चिमेची दर्शनी बाजू आणि अकराव्या शतकातले तळघर तेवढे वाचले. येशूची आई मेरी हिचे मानले जाणारे वस्त्र तळघरात सुखरूप सापडले, तेव्हा लोकांनी तो कौल मानला आणि लगोलग बांधकाम सुरू झाले, असे सांगतात. १२२० च्या सुमारास मुख्य काम पुरे झाले. हे चालू असतानाच, १२०४ मध्ये, आपल्या बेळगावच्या किल्ल्यात रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज कमल बस्ती उभारत होता. तिथे छतातले दगडी कमळ अर्ध्या उजेडात जवळून न्याहाळता येते. शार्त्रला छत ३७ मीटर उंचीवर आहे आणि भिंतींच्या जागी बहुतेक ठिकाणी रंगीत काचाच आहेत.

हे शक्य कसे झाले, ते बाहेर फिरल्यावर कळते. छताच्या टोकदार कमानी आपला भार खांबांवर उतरवतात, पण त्यांचा रेटा बाहेरच्या दिशेनेही असतो. तो रेटा पेलायला बाहेरून दगडी अर्धकमानी लावल्या आहेत, जशी खानापूरकडे पावसाळ्यात कलत्या भिंतीला टेकू देतात. हा आधार बाहेर गेल्यामुळे बाजूच्या दालनांवरचा सज्जा वगळता आला आणि वरच्या खिडक्या खालच्या कमानींइतक्या उंच करता आल्या.

खिडक्या खालून वर पाहाव्यात. बायबलमधल्या दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट सांगणाऱ्या खिडकीच्या तळाशी चांभार पादत्राणे शिवताना दिसतात. अथणी-निपाणीच्या चपला करणाऱ्यांना तिथे नक्की थांबावेसे वाटेल. ही चित्रे दान देणाऱ्या कारागिरांची आहेत की आणखी कशाची, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. ११८० च्या सुमाराची, आगीतून वाचलेली, काचेतली निळी मेरी नुसत्या डोळ्यांनी नीट दिसते, मात्र तिच्यापेक्षा उंचावरच्या खिडक्यांसाठी दुर्बीण लागतेच. १९३९ मध्ये युद्धाच्या धास्तीने या काचा उतरवून दूर नेल्या होत्या, म्हणून त्या आज शाबूत आहेत.

अलीकडच्या जीर्णोद्धारात आतल्या भिंतींवरची काजळी काढून त्यांना फिकट पिवळसर रंग आणि पांढऱ्या सांध्यांच्या रेघा दिल्या, त्यावर बरीच टीका झाली. मला तो उजेड आवडला, कारण मूळ रूपही रंगवलेलेच होते. मात्र खांबावरची काळ्या मेरीची मूर्ती रंगवून गोरी केली, हे मला पटले नाही. पंढरपूरच्या विठोबाला कुणी असे केले तर वारकरी काय म्हणतील!

फरशीतला तेराव्या शतकातला चक्रव्यूह सुमारे १३ मीटर रुंद असून त्याची वाट २६१ मीटरच्या आसपास भरते. त्यावर एरवी खुर्च्या मांडलेल्या असतात आणि त्या ईस्टरपूर्व उपवासकाळापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत सहसा शुक्रवारी हटवतात. तळघराची फेरी तिकीट काढून वाटाड्यासोबतच करावी लागते आणि माहिती मुख्यतः फ्रेंचमध्ये मिळते. तरीही आधी थोडे वाचून जाणाऱ्याने ती चुकवू नये, कारण ३३ मीटर खोल जुनी विहीर आणि वरच्या वास्तूचा जाडजूड पाया तिथेच पाहायला मिळतो.