ब्रेकच्या दाबासाठी 3000 पीएसआयचा स्वस्त सेन्सर

विद्यार्थ्यांनी स्पर्धेसाठी बनवलेल्या फॉर्म्युला गाडीत पुढच्या आणि मागच्या ब्रेक सर्किटचा दाब वेगवेगळा नोंदवता यावा, म्हणून आम्ही ऑनलाइन मिळणारे, नामांकित ब्रँड नसलेले स्टेनलेस स्टीलचे दोन सेन्सर घेतले. 5 व्होल्टचा पुरवठा, 0.5 ते 4.5 व्होल्टचे आउटपुट आणि 3000 पीएसआय, म्हणजे सुमारे 207 बारची क्षमता, एवढीच माहिती सोबतच्या कागदावर होती.

क्षमता योग्य वाटली. पेडल जिवाच्या आकांताने दाबले, तर दाब 100 बारच्या पुढे जाऊ शकतो, त्यामुळे 100 बारचा सेन्सर नेमका हवा त्याच क्षणी अपुरा पडतो. पण म्हणून थेट 5000 पीएसआयचा घेणेही शहाणपणाचे नाही, कारण अचूकता बहुधा पूर्ण क्षमतेच्या टक्क्यांत सांगितलेली असते. 207 बारच्या सेन्सरमध्ये एक टक्का म्हणजे दोन बार. फॉर्म्युला स्टुडंट जर्मनी या स्पर्धेच्या नियमांप्रमाणे सुरक्षा सर्किटसाठी जोरदार ब्रेकिंग ओळखण्याची मर्यादा 30 बारच्या वर ठेवता येत नाही, आणि तिथे हेच दोन बार जवळपास सात टक्के होतात. त्यामुळे डेटा लॉगिंगसाठी, म्हणजे नुसत्या नोंदींसाठी, हा सेन्सर मी निःसंकोच सुचवेन, सुरक्षा सर्किटसाठी मात्र नाही.

सर्वांत जास्त चौकशी सीलची करावी. डॉट 3 आणि डॉट 4 ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारित असल्यामुळे नायट्राइल रबर त्यात फुगते. इंजिन ऑइलसाठी उत्तम असलेला सेन्सर इथे गळू लागतो. वेल्ड केलेला स्टीलचा डायफ्रॅम (दाब झेलणारा पातळ पडदा) किंवा ईपीडीएम या ब्रेक ऑइलमध्ये टिकणाऱ्या रबराचे सील हवे. विक्रेत्याचे उत्तर होते, ‘सगळ्या ऑइलला चालतो.’ अशा उत्तरावर ब्रेक सोपवायचे नसतात. डायफ्रॅम वेल्ड केलेला असल्याची लेखी खात्री मिळाल्यावरच आम्ही पैसे भरले.

सेन्सरचे आटे 1/8 एनपीटी या अमेरिकन पाइप मापाचे, निमुळते, तर आमच्या ब्रेक लाइनचे एम10 बाय 1 या मेट्रिक मापाचे. अडॅप्टर आलाच. निमुळत्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळण्याचा मोह टाळावा, कारण तिचे तुकडे लाइनमध्ये शिरून मास्टर सिलिंडरची बारीक छिद्रे बुजवू शकतात. सेन्सर लाइनच्या वर उभा बसवला, तर पोकळीत हवा अडकते आणि कितीही ब्लीडिंग केले (लाइनमधली हवा बाहेर काढली) तरी पेडल स्पंजी राहते. तो खाली लोंबता ठेवावा.

आउटपुट पुरवठ्याच्या प्रमाणात बदलते, म्हणून सेन्सर आणि लॉगर (नोंदी ठेवणारे उपकरण) यांना एकच 5 व्होल्टचा संदर्भ द्यावा. शून्य दाबाला 0.5 व्होल्ट असण्याचा फायदा असा, की सिग्नलची वायर तुटली आणि लॉगरच्या इनपुटला पुल-डाउन रेझिस्टर (सिग्नल नसताना इनपुट शून्य व्होल्टवर खेचणारा) असला, तर वाचन थेट शून्यावर येते आणि बिघाड लगेच कळतो.