ब्लास्टिंगला वाळू, कॉपर स्लॅग की स्टील ग्रिट? कोल्हापुरात काय परवडतंय

शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागल पंचतारांकित एमआयडीसीला फॅब्रिकेशनचं शेड टाकलंय आणि ब्लास्टिंग-पेंटिंग पण स्वतःच करायचं म्हणताय, तर पहिला प्रश्न मीडिया कुठला, म्हणजे रंगाआधी गंज आणि जुना रंग उडवायला हवेच्या जोरानं मारायचे दाणे कुठले, हाच येतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. वाळू नको, शेडमधल्या कामाला स्टील ग्रिट (पोलादाचे धारदार दाणे) आणि साइटवर जाऊन करायच्या कामाला कॉपर स्लॅग (तांबं गाळताना निघणारा टाकाऊ माल), पण स्लॅग घेणार असाल तर वापरून झाल्यावर तो कुठं टाकणार हे ऑर्डर द्यायच्या आधी ठरवायचं.

वाळूचं लवकर आटपतो. स्वस्त म्हणून अजून लोक मारतात, पण ती बहुतेक सगळी सिलिकाच, पत्र्यावर आपटून फुटली की डोळ्याला न दिसणारी धूळ होते, ती फुफ्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो, तो बरा करणारं औषध नाही, वर टीबीचा धोका वेगळाच. तोंडाला रुमाल बांधून काही उपयोग नाही. ब्रिटनने कास्टिंग साफ करायला वाळूचं ब्लास्टिंग १९४९ च्या नियमांनीच बंद केलं. तुर्कस्तानात जीन्सला जुना लूक द्यायला वाळू मारणारी पोरं आजारी पडून मेली तेव्हा २००९ ला तिथं पण बंदी आली. आपल्याकडं पण कायद्याने सिलिकोसिस नोंदवायच्या रोगांत आहे.

आता स्लॅग. तांब्याचं खनिज भट्टीत वितळवलं की लोखंड आणि सिलिका एकत्र येऊन वर तरंगतं, ते वेगळं काढतात, एक टन तांब्यामागं दोन टनांहून जास्त निघतं. पाण्यात झटकन गार केलं की काळे, काचेसारखे, धारदार दाणे तयार होतात. सिलिका यात पण आहे, पण ती काचेत बांधलेली, मोकळी स्फटिकरूप सिलिका एक टक्क्याच्या आत, आणि वाळूपेक्षा स्लॅग बरा तो एवढ्यासाठीच. पण डीलर 'एकदम इको-फ्रेंडली' म्हणून विकतो तेवढं काही ते साधं नाही. यात थोडं आर्सेनिक, शिसं, बेरिलियम असलं विषारी काहीतरी असू शकतं. दाणा फुटला की तेच धुळीत येतं, म्हणून अमेरिकेने २०१७ चे बेरिलियमचे नियम स्लॅगच्या ब्लास्टिंगला पण लावलेत. म्हणजे नोझल धरणाऱ्याला हवा पुरवणारं हेल्मेट लागणारच, आणि शेजारी उभं राहणाऱ्या हेल्परला पण काहीतरी संरक्षण पाहिजे. घेताना आयएसओ १११२६-३ (ब्लास्टिंगच्या कॉपर स्लॅगचं मानक) चा रिपोर्ट मागा, ओलावा ०.२ टक्क्याच्या आत आणि क्षार कमी पाहिजेत, नाहीतर रंगाखाली फोड येतात.

स्टील ग्रिटचा सुरुवातीचा खर्च टोचतो, पण तोच माल शंभराच्या पटीत फिरतो, स्लॅग एकदा, फार तर दोनदा. धूळ कमी, कचरा तर फारच कमी. अडचण अशी की बंद खोली आणि गोळा करायची यंत्रणा लागते, आणि आपल्या जुलैच्या हवेत उघडा ठेवला तर गंजून गठ्ठे होतात. साखर कारखान्याचा ऑफ-सीझन नेमका पावसाळ्यातच, मळीच्या टाक्यांची कामं तेव्हाच निघतात, तिथं स्टील ग्रिट घेऊन जाणं म्हणजे डोक्याला ताप. तिथं स्लॅगच. गार्नेट (एक कठीण खनिज) चांगलं, पण महाग.

खरी गोची कचऱ्याची. थुथुकुडीला स्टरलाइटच्या स्मेल्टरला, म्हणजे तांबं गाळायच्या कारखान्याला, २०१८ च्या एप्रिलमध्ये तमिळनाडूच्या प्रदूषण मंडळाने परवाना वाढवून दिला नाही, त्यात उप्पार ओढ्याकाठी पडलेला स्लॅग न हलवणं हे पण एक कारण होतं. पुढं २२-२३ मे ला आंदोलनावर गोळीबार झाला, १३ माणसं गेली, कारखाना बंद झाला आणि २०२४ ला सुप्रीम कोर्टाने पण बंदच ठेवला. आंदोलन एकट्या स्लॅगवरनं नव्हतं, हवा-पाण्याच्या तक्रारी जुन्या होत्या, पण ढीग तो ढीगच. आता आपण तोच माल ट्रकभर आणायचा, वापरायचा आणि पंचगंगेला मिळणाऱ्या कुठल्यातरी ओढ्यात लोटायचा, हे काय बरोबर नाही. वापरलेला स्लॅग तर अजून वाईट, कारण तो बारीक झालेला असतो आणि त्यात खरवडलेला जुना रंग मिसळलेला असतो, जुन्या स्ट्रक्चरवर रेड लेड प्रायमर असेल तर शिसं आलंच. तो माल तपासून घातक निघाला तर रांजणगावसारख्या घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रालाच जायला पाहिजे.

कोणी म्हणेल काँक्रिटमध्ये घालू. आयएस ३८३ (काँक्रिटच्या वाळू-खडीचं भारतीय मानक) च्या २०१६ च्या आवृत्तीत वाळूच्या जागी कॉपर स्लॅग चालतो, आरसीसीत ३५ टक्के, साध्या काँक्रिटला ४० टक्क्यांपर्यंत. पण ते ताज्या, स्वच्छ स्लॅगचं झालं, रंग मिसळलेल्याचं नाही. आणि ताजा स्लॅग गुजरातच्या दहेजवरनं बांधकामासाठी इथवर आणायचा तर भाडंच डोईजड, आपल्याकडं काळ्या दगडाची क्रश सँड दारात मिळते, शिवाय फाउंड्र्यांची वापरलेली वाळू पडून आहे ती आधी संपवा की.

कोटेशन देताना स्लॅग उचलून नेण्याचा खर्च वेगळ्या ओळीत लिहा आणि नेणार कोण हे पण त्यातच लिहून घ्या, कारखान्याचा परचेसवाला कुरकुरला तरी चालेल.