एक पावसाळा, एक दिवाळी आणि आमचा ओटीजी

ओटीजी म्हणजे ओव्हन, टोस्टर आणि ग्रिल एकत्र असलेली विजेची छोटी भट्टी. आमचा २८ लिटर, १६०० वॅट, वरखाली दोन-दोन रॉड, आतली गरम हवा फिरवणारा कन्व्हेक्शन पंखा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या आकाराचे सगळेच ओटीजी थोड्याफार फरकाने सारखे असतात. खोक्यातून बाहेर काढला त्याच रात्री पाच तारे देऊन मोकळे होणाऱ्यांचं मला नेहमी कौतुक वाटतं. मी पावसाळा आणि दिवाळी जाऊ दिली. निकाल आधीच सांगतो: यंत्र चांगलं आहे. जी काही अडचण आहे ती घरातल्या माणसांची आहे.

आम्ही परळला वन बीएचकेमध्ये पाच जण. ओटीजीला १६ अँपिअरचा सॉकेट लागतो. साध्या सॉकेटवर चालवू नका, एक्स्टेंशन बोर्डावर तर अजिबात नको. आमच्या स्वयंपाकघरात असा सॉकेट एकच, आणि त्यावर वॉशिंग मशीनचा जुना हक्क. त्यामुळे दर रविवारी सकाळी ‘केक की चादरी’ यावर बायकोशी वाटाघाटी होतात. बहुतेक वेळा चादरी जिंकतात.

एकदा चादरी हरल्या, तेव्हा बाबांनी गीझर लावला. ओटीजीचे १६००, गीझरचे २०००, वर फ्रिज. आमच्या जुन्या बिल्डिंगच्या वायरिंगला हे कुठून झेपणार? मेन एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की घरभरची वीज तोडणारा खटका, पडला. केक तेव्हा नेमका अडनिड्या वेळी होता, फुगून वर आलेला पण आतून सेट न झालेला. अशा वेळी उष्णता तुटली की तो बसतोच. मधोमध वाटीभर खड्डा. बाबा टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि म्हणाले, “लाइट गेली वाटतं सगळ्या बिल्डिंगची.” आमच्या मुलीने, मनूने, त्या खड्ड्यात आइस्क्रीम भरलं आणि आता तिला केक तसाच हवा असतो.

बिलाची भीती मात्र घालू नका. १६०० वॅटचा रॉड सलग चाळीस मिनिटं चालला तरी युनिट जेमतेम एक. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण तापमान गाठलं की थर्मोस्टॅट रॉड बंद करतो आणि थंड व्हायला लागलं की पुन्हा लावतो. बायको तरीही महिनाअखेरीला मीटरकडे बघून येते, कारण ३०० युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटांना महाग स्लॅब लागतो. एसीबद्दल ती काही बोलत नाही. एसी तिच्या खोलीत आहे. (खोली एकच आहे, पण तिची आहे.)

आता कामाचं. तापमानाच्या नॉबवरचा आकडा लग्नपत्रिकेतल्या मुहूर्तासारखा घ्यावा, घटना त्याच्या आगेमागे घडते. आत टांगायचा साधा ओव्हन थर्मामीटर वेगळा घ्या. आमचा ओटीजी १६० अंश सेल्सिअसवर ठेवला की आत १८० पर्यंत जातो, म्हणून मी नॉब आधीच खाली ठेवतो. उष्णता जास्त झाली की केकचं वरचं कवच लवकर कडक होतं, आतलं पीठ मात्र फुगत राहतं आणि मध्ये डोंगर होऊन तडा जातो. दुसरं म्हणजे टायमर. कमी मिनिटांसाठी लावायचा असेल तर आधी वीसच्या पुढे फिरवून मग मागे आणावा लागतो, नाहीतर तो नीट धरत नाही. संपला की ‘टिंग’ वाजतं. एरवी चार हाका मारल्याशिवाय जेवायला न येणारी माणसं या एका टिंगवर स्वयंपाकघरात हजर होतात.

नानकटाईला मी पैकीच्या पैकी देईन. एक वाटी मैदा, अर्धी वाटी तूप, अर्धी वाटी पिठीसाखर, दोन चमचे बेसन, वेलची. १६० वर अठरा-वीस मिनिटं. काढताना मऊच लागते, गार झाल्यावर खुसखुशीत होते. मऊ लागली म्हणून परत आत ढकलू नका. तूप थिजलेलं हवं. मुंबईच्या मे महिन्यात डब्यातल्या तुपाचं पाणी झालेलं असतं आणि त्या तुपाची नानकटाई ट्रेवर पसरून पापड होते. वळलेले गोळे पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवले की आकार धरतात. पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा: सकाळची कुरकुरीत नानकटाई संध्याकाळपर्यंत सादळते. १५० वर पाच-सात मिनिटं पुन्हा गरम करायची आणि पूर्ण गार झाल्यावरच स्टीलच्या घट्ट डब्यात भरायची.

आईला हे सगळं पटत नाही. तिच्या लहानपणी लालबागेत मैदा, तूप, साखर डब्यात घालून बेकरीवर न्यायची पद्धत होती. भट्टीवाला नानकटाई भाजून द्यायचा, आणि घरी आल्यावर आजी ती मोजायची, कारण भट्टीवर थोडी गळती होते असा तिचा ठाम समज. आईने ती सवय सोडलेली नाही. ट्रे बाहेर आला की ती बोटाने मोजते.

“आई, इथे कुठे भट्टीवाला आहे?”

“भट्टीवाला नाही, पण तुझी मुलगी आहे ना.”

मनू तोवर तीन तोंडात टाकून बसलेली असते.

आईचा गुरुवार असतो, चतुर्थी असते, श्रावणात तर महिनाभर अंड्याचं नाव नाही. म्हणून टिन दोन. अंड्याच्या टिनच्या बुडाला बायकोने लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय. तो आता भट्टीत भाजून तपकिरी झालाय, तरी आई टिन उलटं करून, चष्मा लावून तो शोधते आणि मगच केकला हात लावते. बिनअंड्याचा दही आणि सोड्याचा रवा केक चांगला होतो, फक्त मिश्रण कालवून ताबडतोब आत टाका. सोडा आणि दही एकमेकांना भेटले की वाट बघत नाहीत.

बाबांना मधुमेह. ते म्हणतात, “मला फक्त एक कोपरा दे.” गोल केकला कोपरा नसतो हे त्यांनी स्वतःच एके दिवशी शोधून काढलं आणि मला क्रॉफर्ड मार्केटला पाठवून चौकोनी टिन आणवलं. आता चार कोपरे असतात. मावा केकच्या दिवशी ते ग्रँट रोड स्टेशनबाहेरच्या मेरवानच्या केकची आठवण काढतात. हे इराण्याचं दुकान १९१४ सालचं, आणि मावा केक मिळवायचा तर सकाळीच जावं लागायचं. माझ्या केकला त्यांनी आजवर दिलेली सर्वोच्च शाबासकी म्हणजे “वेलची बरोबर पडलीये.” माव्याचा केक वरून लवकर काळवंडतो, म्हणून वीसेक मिनिटांनंतर त्यावर सैलसर फॉइल टाका.

जे जमत नाही तेही लिहितो. दिवाळीत शंकरपाळे तळण्याऐवजी भाजले. आईने एक चावून बघितला. “बिस्किटं छान झालीत. शंकरपाळे कधी करतोस?” भाजलेल्या करंज्यांचं सारण उत्तम आणि पारी पुठ्ठ्याची. तेल वाचवायला ओटीजी घेत असाल तर फराळापुरतं विसरा.

एक अनपेक्षित फायदा. वास पूर्ण मजल्यावर जातो, त्यामुळे शेजारी ताटली द्यावीच लागते. पण आपल्यात रिकामी ताटली कोणी परत करत नाही. सहा नानकटायांच्या बदल्यात समोरच्या काकूंकडून आंबोळ्या, कधी कोलंबीचं लोणचं. हा व्यवहार आम्हाला फार परवडतो.

तक्रार एकच, टायमरचा नॉब चिरलाय आणि सर्व्हिसचा माणूस “उद्या येतो” म्हणतो.

पाच माणसांच्या घराला २८ लिटर पुरतात, त्याहून लहान घेऊ नका. भिंतीपासून चार बोटं जागा सोडा, वरचा पत्रा चांगलाच तापतो. त्यावर पापड सुकवायची कल्पना आमच्याकडेही निघाली होती, निघाली तशी परत पाठवली. आणि घेण्याआधी ओटा टेपने मोजताना दार पूर्ण पडल्यावर लागणारी जागाही मोजा. आमच्याकडे ओटीजीचं दार उघडलं की फ्रिजचं उघडत नाही. केक बाहेर येत असताना कोणाला चहाला दूध हवं असेल तर त्याने थांबायचं.